रुईचं माहेर

पुसद,
वैशाखातला शुक्रवार
(तारीख नाही. कॅलेंडर घरात आहे, चष्मा अंगणात राहिला आहे आणि मध्ये ऊन आहे.)

ती. दादास,

कौसल्येचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन्ही गुडघे सध्या रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या सहांवर समाधान मानावं.) तुझा रक्तदाब ताळ्यावर असेल, वहिनींची कंबर त्यांचं ऐकत असेल आणि तू अजूनही जेवण झाल्यावर चोरून लोणच्याची फोड तोंडात टाकत असशील, असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. यंदा ऊन असं आहे की अंगणात ठेवलेल्या बादलीत दुपारी नुसती चहापत्ती टाकली की काम भागावं. पण उन्हाबद्दल तक्रार करत नाही. या पत्रात तक्रारी पुष्कळ आहेत आणि उन्हाचा नंबर रांगेत फार मागे आहे.

पहिला नंबर तुझा. शेजारच्या बेबीताईंनी तुला पुण्याला फोन करून कळवलं की तुमच्या बहिणीनं अंगणात रुई लावली, तिचं डोकं फिरलं आहे. त्यावर तू, माझा सख्खा भाऊ, ‘तिचं पहिल्यापासून तसंच आहे’ असं म्हणालास. (बेबीताई फोन स्पीकरवर लावून बोलतात, आणि आमच्या दोघींमधली भिंत कमरेएवढी आहे.) दादा, मी जन्मभर कोर्टात स्टेनोग्राफर होते. खोटं बोलणाऱ्यांचा शब्द न् शब्द उतरवून घेण्यात माझी बोटं झिजली. आता माझी बाजू कोणीतरी उतरवून घ्यावी ही अपेक्षा काही गैर नाही. पण तसं कोणी दिसत नाही, म्हणून मीच घेते आहे. मध्येच डुलकी काढू नकोस. कारण ही रुई मुळासकट तोडायचं घाटतं आहे आणि ती वाचणार की नाही हे तुझ्यावर आहे. ते कसं, हे ओघानं येईल. आधी हकिकत.

बाबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं, तिथे सिस्टर फिलोमिनांची बाग होती. त्या म्हणायच्या, मुलगी आणि फुलझाड वाकलं की लगेच बांबू लावावा. मला त्यांनी इतके बांबू लावले की मी पुढे कुठे वाकलेच नाही, हे तुला ठाऊक आहे. पण ती बाग मनात राहिली. निवृत्त झाले की आपणही तशीच करायची: कडेनं गुलाब, मधोमध लव्हेंडर, बाकावर मी आणि मांडीवर पुस्तक. झालं असं की गुलाब पहिल्या एप्रिलातच वारले. तू पाठवलेलं हायड्रेंजिया एसटीच्या पार्सलातून मान टाकलेल्या अवस्थेत उतरलं आणि त्याच अवस्थेत त्यानं देह ठेवला. आपण पुसदला आलो हेसुद्धा बिचाऱ्याला कळलं नाही. लव्हेंडरचं बी मी ऑनलाइन मागवलं. पाकिटावर परदेशातला अख्खा डोंगर होता, चंदेरी पानांचा, जांभळ्या फुलांचा. मोठ्या कौतुकानं पेरलं, तर उगवला तांदुळजा. (भाजी केली. बरी झाली होती.) शिवाय नळ. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ व्याह्यांसारखा येतो: कधी येणार ते सांगत नाही, आणि आला की सगळ्यांनी हातातली कामं टाकून त्याच्याभोवती उभं राहायचं. अशा पाण्यावर बाग होत नाही. संताप होतो.

तर अशाच संतापात मागच्याच्या मागच्या मे महिन्यात मी आमच्या लेआउटच्या, म्हणजे या वस्तीच्या, टोकापर्यंत चालत गेले, जिथे डांबर संपून मुरूम लागतो. तिथे मुरमात, भर उन्हात, कोणाचं एक थेंब पाणी न घेता एक झुडूप उभं होतं. पानं जाड, रुंद, वरून पिठी चाळल्यासारखी चंदेरी. फांद्यांच्या शेंड्यांना मेणातून कोरल्यासारखी जांभळी फुलं. शेजारी एक शेळी उभी होती, ती पिवळं पडलेलं वर्तमानपत्र खात होती पण ह्या झुडपाकडे मान वळवून पाहत नव्हती. दादा, मी तिथेच थबकले. चंदेरी पान, जांभळं फूल, पाणी नको, शेळी नको. मी ज्याच्यासाठी परदेशी डोंगर मागवला ते जन्मभर माझ्या रस्त्यावर उभं होतं, आणि मी त्याला ‘रुई’ म्हणून ओलांडून जात होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुदळ घेऊन गेले. रुईचं मूळ म्हणजे दिवाणी दावा आहे. खोल जावं तितका तो आणखी खोल जातो. शेवटी अर्धं मूळ तुटून हातात आलं. घरी आणून लावलं, शेणखत घातलं, आंघोळीचं पाणी वाचवून पाजलं. आठवड्यात मेली. मग रस्त्यावरच्या दुसऱ्या रुईची फळं फुटायची वाट पाहिली. (आतून म्हाताऱ्या उडतात, त्या पकडायला धावणारी एक आणखी म्हातारी बेबीताईंनी गच्चीवरून पाहिली, आणि डोकं फिरल्याची बातमी तिथून सुरू झाली.) पावसाळ्याच्या तोंडावर बी पेरलं, रोप आलं, अंगणात लावलं. पुन्हा माझी माया उफाळून आली. रोज पाणी, महिन्याला खत. पानं पिवळी, शेंड्याला पिवळाधमक मावा, बुंधा मऊ. त्यात माझे गुडघे गेले आणि मी उन्हाळाभर अंगणात उतरलेच नाही. बाहेर आले तेव्हा रुई माझ्या खांद्याला लागत होती, अंगभर चंदेरी, फुलांनी लगडलेली, आणि काळ्या ठिपक्यांची केशरी फुलपाखरं तिच्याभोवती कामाला असल्यासारखी फिरत होती. लक्ष दिलं तर मरायला टेकते, वाऱ्यावर सोडली तर उभी राहते. असा स्वभाव आपल्या घराण्यात आणखी एकीचा आहे असं तू आता म्हणशील. म्हणू नकोस.

त्यानंतर शनिवार सुरू झाले. आधी ‘घरच्या अंगनात रुई? हे तं ओसाड घराची निशानी होय वो बाई’ म्हणून छाती बडवणाऱ्या बेबीताईच पहिल्या शनिवारी कुंपणातून हात घालून पानं तोडताना सापडल्या. मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. लेआउटमध्ये मारुतीचं देऊळ आहे, भक्त आहेत, साडेसाती तर घराघरात आहे. रुई मात्र माझ्याकडे. सूर्य उगवायच्या आत कुंपणातून हात येत. काही हातांत बांगड्या, काही हातांत घड्याळं, एका हातात तर चक्क आकडी लावलेली काठी. मी पाटी लावली: ‘पाने तोडू नयेत.’ पुढच्या शनिवारी पाटीवर कोणीतरी शेंदूर लावून तिलाच नमस्कार केलेला होता.

एकच माणूस गेटची कडी वाजवत असे. बबनराव. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, पुसद-उमरखेड गाडीवरचे. हे गृहस्थ वाटेतल्या प्रत्येक मारुतीला स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून नमस्कार करायचे, अशी त्यांची ख्याती. (त्या क्षणी सगळी गाडीच देवाचं नाव घेत असे.) दोन बायका झाल्या, दोघी आजारपणात गेल्या. मूलबाळ नाही. कडी वाजवून ते म्हणत, ‘मॅडम, अकरा पानं पाह्यजे होते.’ मी म्हणायची, पाहिजे होती. ते म्हणायचे, ‘हो, तेच.’ असं हे सहा शनिवार चाललं आणि त्यांच्या व्याकरणात तसूभर फरक पडला नाही. सातव्या शनिवारी मी म्हटलं, तुमचे तुम्ही तोडून घ्या. तर त्यांनी पान मुरगाळून तोडलं, चीक बोटांना लागला आणि त्याच बोटानं घाम पुसला तो थेट डोळ्यात! रुईचा चीक डोळ्यात जाणं म्हणजे थट्टा नाही. मी माझी भरून ठेवलेली सगळी घागर त्या माणसाच्या एका डोळ्यावर ओतली, दादा. पूर्ण घागर. नळ येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मग स्कूटीवर मागे बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ज्या माणसानं जन्मभर घाटात एसटी वळवली त्यानं माझ्या मागे बसून सुजलेला एक डोळा चिकामुळे मिटला आणि चांगला डोळा भीतीनं. गांधी चौकात तर मला मागून भीमरूपी ऐकू आली. मी इतकी हळू चालवते की शेजारून सायकलवाले पुढे जातात, तरीसुद्धा.

डोळा बरा झाला. त्यानंतर हे गृहस्थ मंगळवारीही येऊ लागले. मारुतीचा वार शनिवार आहे हे मला, कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईला, त्यांना सांगावं लागलं. तर म्हणाले, ‘मंगयवारी मी झाडाले पाहाले येतो. माह्या डोयात तिचं दूध गेलं, आता ते घरचीच झाली.’ पुढे गुरुवारही झाला. कुंपणाला तार बांधून दिली (वाकडी). बागेत बाक आणून ठेवला. एसटीच्या भंगारातली जुनी सीट आहे, पाठीवर अजून ‘फक्त महिलांसाठी’ असं आहे, आणि स्वतःच त्यावर बसतात. चहा बशीत ओतून पितात, त्याचा आवाज बेबीताईंच्या स्वयंपाकघरात जातो. मी वाचत असले की विचारतात, ‘यात काय लिवलं हाये?’ आणि मला ते सगळं मराठीत सांगावं लागतं, आणि निम्म्यात म्हणतात, ‘हा माणूस तं चांगला नाई दिसून राह्यला, मॅडम.’ आणि शेवटी तो तसाच निघतो. गोष्टीची मजाच घालवतात. किती त्रास म्हणून सांगू? बुधवारी आले नाहीत तर मात्र फारच. (बुधवारी यायचं कारणच नाही. सहज लिहिलं.)

आता मुख्य मुद्दा. गेल्या रविवारी बबनरावांच्या थोरल्या बहीण मथुराबाई उमरखेडहून आल्या. सोबत एक गुरुजी, एक नारळ, आणि मागे कोपऱ्यात तोंड लपवून बबनराव. मला वाटलं पानं हवी असतील. मी पोहे केले. तर मथुराबाई पोह्यांची बशी हातात घेऊन थेट अंगणात गेल्या आणि रुईभोवती फिरून तिला पाहू लागल्या. खालून वरपर्यंत. पानं उलटून पाहिली. ‘रंगानं उजय हाये,’ म्हणाल्या. ‘उंची बी बरी हाये. पन पाठीशी मुंगे दिसून राह्यले.’ मी तावातावानं म्हटलं, मुंगळे मावा खायला आले आहेत— म्हणजे माव्याचा गोडवा खायला आले आहेत, रोग नाही. आणि मग एकदम माझ्या ध्यानात आलं की मी कांदेपोहे केले आहेत, मुलगी उन्हात उभी आहे आणि तिच्यात खोट नाही हे मी पाहुण्यांना पटवून देते आहे.

हकिकत अशी. बबनरावांचं लग्न ठरवायचं आहे. ते होईल तिसरं. मथुराबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तिसरी बायको लाभत नाही. म्हणून तिसरं लग्न रुईशी लावायचं: अंतरपाट, अक्षता, मंगळसूत्र, सगळं साग्रसंगीत. लागलं की रुई तोडून टाकायची, म्हणजे तिसरी गेली. मग जी येईल ती चौथी, आणि तिला धोका नाही. चौथी कोण, हे मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत नाक खुपसायची मला सवय नाही.

पण रुईचं मी सोडते काय? मी म्हटलं, कोर्टात खुनाच्या आरोपीलासुद्धा आधी आरोप वाचून दाखवतात. इथे वधूला अक्षता टाकल्या टाकल्या कुऱ्हाड, तीही माझ्या अंगणात, मी पोहे करून घालते आहे तेव्हा! गुरुजी म्हणाले, शास्त्र आहे. मी म्हटलं, शास्त्राला म्हणावं हिचं मूळ खणून दाखव आधी. मथुराबाई म्हणाल्या, ‘बाई, झुडूपच हाये ते. रस्त्यानं हजार उभे हायेत.’ मी म्हटलं, मग रस्त्यावरचीशी लावा लग्न. त्यावर मथुराबाई म्हणाल्या, ‘ते चालत नाई. यानं हेच पसंत केली.’ सगळ्यांनी बबनरावांकडे पाहिलं. ते ‘फक्त महिलांसाठी’वर बसले होते आणि त्यांचे पोहे तसेच होते. मान खाली घालून म्हणाले, ‘आक्का, दोघी म्या पोचवल्या. आता तिसरीले माह्याच हातानं तोडू? मंग नाई कराचं मले लग्न.’

दादा, मी चहा ठेवायला आत गेले. (चिरलेला कांदा तिथेच पडला होता, डोळ्यांत पाणी येणारच.)

बाहेर आले तर मथुराबाईंनी तोड काढलेली होती. दिसतात तशा त्या नाहीत. म्हणाल्या, ‘बेवारस झाडाले मुयासगट तोडतात. जिले माहेर हाये तिले कोनी हात लावत नाई. तिच्या बाजूनं कोनी बापाच्या जाग्यावर उभा राहून तिचं कन्यादान करन, तं तिची एक फांदी तोडली तरी देव मानून घेईन.’ गुरुजींनी पंचांग उघडलं, मिटलं, पोह्यांकडे पाहिलं आणि चालेल म्हणाले. पावसाआधी मी तिची छाटणी करणारच होते; उलट छाटली की जास्त फुटते. तेवढी एक फांदी तिसरी बायको म्हणून जाईल आणि उरलेली रुई राहील. (नात्यानं ती बबनरावांची कोण लागेल यावर गुरुजी आणि मथुराबाई यांचा वाद झाला. ‘मेव्हणी’ यावर मिटला.)

मी लगेच म्हटलं, मी उभी राहते, मीच वाढवली आहे. तर गुरुजींनी मथुराबाईंकडे पाहिलं, मथुराबाईंनी बबनरावांकडे आणि बबनरावांनी रुईकडे. ‘तुमाले कसं जमन बाई,’ मथुराबाई म्हणाल्या, ‘तुमी तं...’ आणि पुढचं न बोलता त्यांनी पोह्यांचा मोठा घास घेतला. पुरुष माणूस पाहिजे, वडीलधारा पाहिजे, आणि मुलीच्या घरचा पाहिजे. बेबीताई भिंतीवरून आपल्या नवऱ्याला पुढे करत होत्या. ज्या माणसानं काठीला आकडी लावून पानं ओढली तो हिचा बाप? मी सांगितलं, हिला मामा आहे. पुण्याला असतो. तो येईल.

तर अशी ही वस्तुस्थिती. आता तुझ्या बहिणीचं डोकं फिरलं आहे की बाकीच्यांचं, ते तूच ठरव, आणि यापुढे बेबीताईंचा फोन आला तर ‘मी मीटिंगमध्ये आहे’ असं सांग. निवृत्त माणसानं मीटिंगमध्ये असू नये असा काही कायदा नाही. वहिनींना माझा नमस्कार. सगळ्यांवर जीव आहेच. तो पत्रात ओतायची मला सवय नाही, हे तू जाणतोसच.

तुझी धाकटी,
कौसल्या

ता. क. मुहूर्त जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी आहे. उशीर करू नकोस. तू नाही आलास तर मथुराबाईंचा भाचा कुऱ्हाड घेऊन येणार आहे. येताना तुझं ते जरीकाठी उपरणं आण, माझ्या लग्नात मिरवायचं म्हणून तू घेतलंस आणि मिरवायची संधी मी तुला दिलीच नाही. कसर लागली असेल तर तशीच आण. कोणतंही रोप आणू नकोस.

ता. क. २. वहिनींना म्हणावं, एक डझन हिरव्या बांगड्या आणाव्यात. माप त्यांच्याच हाताचं चालेल. रुईसाठी नकोत, तिच्या फांदीत बसत नाहीत.

ता. क. ३. आणि दादा, बबनरावांना मी अजून काहीच उत्तर दिलेलं नाही. ते मंगळवारी, गुरुवारी आणि आता बुधवारीही येऊन मुकाट्यानं चहा पितात, विचारत नाहीत. मी म्हटलं आहे, माझा भाऊ आल्यावर सांगेन. त्या काळी तू माझ्यासाठी गावोगाव हिंडून माणसं घरी आणलीस, आणि तुझ्यासमोर बसून मी प्रत्येकाला ‘नाही’ म्हटलं. तेव्हा हे एक ‘हो’ही तुझ्यासमोरच म्हणायचं आहे. अंतरपाट तसाही धरलेलाच असेल. रुईचं आटोपलं की तिथेच थांब.